सायकल अंगाच्या मापाची हवी

जून महिना आला कीं घरोघरीं मुलांचे गणवेष शिवण्याची गडबड उडते. शिंपी माप घेऊं लागला म्हणजे आई हळूच सांगते, "जरा वाढत्या अंगाचा शिवा हो, पुढच्या वर्षींही चालला पाहिजे." यांत गैर कांहीं नाहीं. बाही दोन बोटें लांब झाली तर दुमडतां येते, आणि मूल वाढलें म्हणजे ती दुमड उसवतां येते. परंतु हाच न्याय आपण सायकलीस लावतों आणि तेथें आपली फसगत होते. सदऱ्याची बाही लांब राहिली म्हणून कोणाचें कांहीं दुखत नाहीं. सायकल मापाची नसली तर मात्र गुडघा, कंबर, मान व मनगट यांपैकीं कोणाला तरी त्याची किंमत मोजावी लागते. शिवाय बाहीची दुमड उसवण्याची आठवण आईला राहते. सायकलीची बैठक, जिला आपण सीट म्हणतों, ती दुकानांत जेथें आवळून मिळाली तेथेंच वर्षानुवर्षें गंजत राहते.

हा विषय मला सुचला तो एका विद्यार्थिनीमुळें. ती शाळेपासून सहा किलोमीटर अंतरावरील एका वाडीवर राहते. एस्. टी.ची वेळ शाळेच्या वेळेशीं जुळत नाहीं; म्हणून ती आठवींत आली त्या वर्षीं, कांद्याचे पैसे हातीं येतांच, तिच्या वडिलांनीं तिला नवी सायकल घेऊन दिली. पुढें दोन वर्षें ती एकही दिवस उशिरा आली नाहीं. परंतु दहावीच्या वर्षीं दिवाळीची सुट्टी संपल्यावर तिच्या हजेरींत खाडे पडूं लागले. जिना चढतांना ती कठड्याला धरून चढे, आणि जमिनीवर मांडी घालून बसण्याची वेळ आली कीं मागें रेंगाळे. विचारल्यावर म्हणाली, "सर, गुडघे दुखतात." डॉक्टरांनीं तपासून पाहिलें; सूज नाहीं, हाड ठीक आहे, थोडी विश्रांति घ्यावी, असें सांगितलें. घरीं मात्र त्याचा निराळाच अर्थ झाला. "पंधराव्या वर्षीं पोरीचे गुडघे असे, तर पुढें कसें व्हायचें? सायकल बंद," असें आजीनें ठरविलें; आणि सायकल बंद म्हणजे शाळा बंद, हें कोणी वेगळें सांगण्याची गरज नव्हती. तिचे वडील तेंच सांगण्यास एके दिवशीं शाळेंत आले.

त्या सायंकाळीं तिला फाटकांतून बाहेर पडतांना मीं प्रथमच लक्षपूर्वक पाहिलें. तिचा प्रत्येक गुडघा जवळजवळ हँडलच्या मुठीपर्यंत वर येत होता, आणि पायडल अगदीं तळाशीं गेलें तरी पाय पुरता उलगडत नव्हता. सायकल घेतली तेव्हां दोन्ही पाय जमिनीला टेंकावे म्हणून बैठक तळाला बसविलेली होती. दोन वर्षांत मुलगी चांगली चार बोटें उंच झाली. बैठक होती तेथेंच राहिली. डॉक्टरांनीं गुडघा तपासला तो बरोबरच होता. तपासावयाची राहिली होती ती सायकल.

बैठक चार बोटें खालीं असल्यानें गुडघे कसे दुखतील, अशी शंका कोणासही येईल. तिचें उत्तर साध्या हिशेबांत आहे. गिअर नसलेल्या साध्या सायकलीचें पायडल एकदां पूर्ण फिरलें म्हणजे सायकल सुमारें ५ मीटर पुढें जाते. म्हणजे ६ किलोमीटर जाण्यास पायडल १२०० वेळां फिरवावें लागतें. जातां-येतां मिळून प्रत्येक गुडघा दिवसांतून २४०० वेळां वांकतो व सरळ होतो. शाळेचे दिवस वर्षाला २०० धरले तरी ही संख्या ४,८०,००० होते. एखादें काम चुकीच्या रीतीनें दहा-वीस वेळां केलें तर शरीर तें निमूटपणें सहन करतें. तेंच काम वर्षांत पावणेपांच लाखांहून अधिक वेळां करावयास लावलें, तर तें तक्रार करणारच.

गंमत अशी कीं, सायकलीच्या बालपणीं अशी चूक होणेंच शक्य नव्हतें. १८७० नंतरच्या काळांत इंग्लंडांत जी सायकल प्रचारांत होती, तिचें पुढचें चाक प्रचंड व मागचें चिमुकलें असे, आणि पायडल पुढच्या चाकाच्या आंसालाच जोडलेलें असे. चाक जितकें मोठें तितका वेग अधिक. परंतु पाय पुरेल त्याहून मोठें चाक कोणासच चालवितां येत नसे. म्हणून चाकाचा आकार चालविणाऱ्याच्या पायाच्या लांबीवरून ठरे. पुढें १८८५ सालीं कॉव्हेंट्री येथील जॉन केंप स्टार्ली यांनीं 'रोव्हर' नांवाची सायकल बाजारांत आणली. साखळीनें मागचें चाक फिरविणारी व दोन्ही चाकें जवळजवळ सारखीं असणारी ही सायकल म्हणजेच आजच्या आपल्या सायकलीची आजी. आतां एकाच सायकलीवर उंच व ठेंगणा असे दोघेही बसूं लागले. सोय मोठी झाली; परंतु पायाचें माप घेतल्यावांचून गत्यंतर नाहीं, अशी स्थिति मात्र उरली नाहीं. बैठकीचा दांडा खालींवर सरकतो तो याच कारणासाठीं, हेंही बहुतेक लोक विसरून गेले.

आतां गुडघ्याचें काम कसें चालतें तें थोडक्यांत पाहूं. गुडघा हा बिजागरीसारखा सांधा असून त्याच्या पुढच्या बाजूस वाटी असते. मांडीच्या पुढील भागांतील बळकट स्नायू या वाटीच्या द्वारें खालीं नडगीच्या हाडाला जोडलेले असतात. आपण पायडल दाबतों तेव्हां हे स्नायू आखडतात आणि पाय सरळ होतो. विहिरीवरचा रहाट ज्यांनीं पाहिला असेल त्यांना पुढील गोष्ट सहज उमगेल. दोर रहाटाच्या चाकावरून जवळजवळ सरळ गेला असेल तर चाकावर भार थोडा पडतो. परंतु तोच दोर चाकाला वळसा घालून दोन्ही बाजूंनीं खालीं ओढला, तर दोन्हीकडचा ओढा मिळून चाकावर बसतो. गुडघ्याचें असेंच आहे. पाय थोडासा वांकलेला असतांना दाब दिला तर वाटी मांडीच्या हाडावर बेतानें टेंकते. पाय फार वांकलेला असतांना तेवढाच जोर केला तर ती हाडावर कितीतरी अधिक दाबली जाते. बैठक फार खालीं असली म्हणजे प्रत्येक फेऱ्यांत हा जादा दाब वाटीखालीं पडतो. म्हणून अशा सायकलस्वाराचा गुडघा पुढच्या बाजूस, वाटीच्या भोंवतीं दुखतो, आणि जिना चढतांना तें दुखणें विशेष जाणवतें.

मग बैठक खालीं ठेवण्याची चाल पडली कशी? कारण एकच. बैठकीवर बसल्याबसल्या दोन्ही तळपाय जमिनीला टेंकले पाहिजेत, असा आपला समज आहे. जें मूल सायकल शिकत आहे, त्याला हा नियम योग्यच आहे. तोल गेला तर पाय टेंकतां यावे. परंतु शिकून झाल्यावर हा आधार सोडावयास हवा. थांबतांना ब्रेक दाबावा, बैठकीवरून पुढें उतरावें आणि एक पाय जमिनीवर ठेवून उभें राहावें, ही खरी रीत होय. बैठक योग्य उंचीवर असतां बसून फक्त पायाचीं बोटें जमिनीला लागतील. पहिल्यांदां याची भीति वाटते. म्हणून रहदारीच्या रस्त्यावर न जातां आधीं शाळेच्या मैदानावर दहा वेळां थांबण्याचा व निघण्याचा अभ्यास करावा.

योग्य उंची ठरविण्याची सोपी कृति अशी. सायकल भिंतीला लागून उभी करावी व एखाद्या मित्रास हँडल धरावयास सांगावें. रोजच्या चपला किंवा बूट घालून बैठकीवर सरळ बसावें. एक पायडल अगदीं खालीं न्यावें आणि त्यावर टाच ठेवावी. कंबर एका बाजूस न कलतां पाय नेमका सरळ झाला, तर उंची साधारण बरोबर आहे असें समजावें. आतां टाच काढून पावलाचा पुढचा भाग पायडलवर ठेवला कीं गुडघा आपोआप थोडासा वांकेल. जाणकारांच्या मतें पायडल तळाशीं असतांना गुडघ्याचा हा बांक २५ ते ३५ अंशांचा असावा.

ज्यांना गणिताची आवड आहे त्यांनीं मापानेंही ताळा पाहावा. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभें राहावें, पायांत सहा इंचांचें अंतर ठेवावें, आणि जाड पुठ्ठ्याचें पुस्तक दोन्ही पायांमध्यें धरून बैठकीवर बसल्यासारखें वर दाबावें. पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचें अंतर मोजावें. हें झालें पायाचें माप. इंग्लंडांतील हॅम्ली व टॉमस या संशोधकांनीं १९६७ सालीं असें दाखविलें कीं, पायडल तळाशीं असतां तेथपासून बैठकीच्या माथ्यापर्यंतचें अंतर पायाच्या मापाच्या १०९ टक्के ठेवलें असतां जोर उत्तम लागतो. पायाचें माप ७२ सेंटिमीटर असेल तर हें अंतर सुमारें ७८½ सेंटिमीटर येईल. मात्र हें माप म्हणजे वरची मर्यादा समजावी; नव्यानें उंची वाढविणाऱ्या मुलांनीं एक-दोन सेंटिमीटर कमीच ठेवावें, आणि टाचेच्या परीक्षेचा निकाल अधिक मानावा.

बैठक खालीं असणें वाईट, म्हणून ती हवी तेवढी उंच करावी असें मात्र नव्हे. बैठक फार उंच झाली तर पायडल तळाशीं जातांना पाऊल त्याच्यामागें धांवूं लागतें. पाय पुरावा म्हणून कंबर एकदां उजवीकडे, एकदां डावीकडे झुकते. मागून येणाऱ्या मित्रास सांगावें, म्हणजे कमरेचा पट्टा तराजूच्या दांडीसारखा खालींवर होतांना त्याला स्पष्ट दिसेल. या झोल्यामुळें कमरेचे स्नायू शिणतात, आणि गुडघा मागच्या बाजूस, शिरांच्या जागीं, ताणला जातो. सारांश, वाटीभोंवतीं दुखलें तर बैठक खालीं आहे काय, आणि गुडघ्याच्या मागें दुखलें तर ती वर आहे काय, हें प्रथम पाहावें.

उंचीनंतर बैठकीची मागेंपुढें सरकण्याची जागा पाहावी. दोन्ही पायडलें जमिनीपासून सारख्या उंचीवर आणावीं. एका दोऱ्याला लहानसा नट बांधून गवंड्याच्या ओळंब्याप्रमाणें तो पुढच्या गुडघ्याच्या वाटीखालून सोडावा. दोरा पायडलच्या आंसाजवळून गेला तर सुरुवातीस ठीक आहे. तो पुष्कळ पुढें पडला तर बैठक थोडी मागें, आणि मागें पडला तर थोडी पुढें सरकवावी. हा कांहीं निसर्गाचा अटळ नियम नव्हे. आरंभ कोठून करावा हें दाखविणारी ती केवळ एक खूण आहे.

बैठकीचा उतार हीही क्षुल्लक गोष्ट नाहीं. तिच्यावर लांब फूटपट्टी आडवी न ठेवतां पुढून मागें ठेवावी; ती जमिनीला समांतर दिसली पाहिजे. बैठकीचें नाक वर उचललेलें असेल तर नाजूक भागावर दाब पडतो, आणि तो चुकविण्यासाठीं मनुष्य नकळत कंबर मागें गोल करून बसतो. तासाभरानें कंबर धरते ती त्यामुळें. इस्राएलमधील कांहीं वैद्यांनीं १९९९ सालीं प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासांत कंबरदुखीच्या सायकलस्वारांच्या बैठकीचें नाक १० ते १५ अंश खालीं केलें, तेव्हां त्यांपैकीं ७० टक्क्यांहून अधिक जणांस चांगलाच उतार पडला. आपण एकदम इतकें करण्याची गरज नाहीं. आधीं बैठक समपातळींत आणावी, आणि तरीही कंबर दुखत राहिली तर दोन-तीन अंशच खालीं करून पाहावें. नाक फार उतरतें झालें तर अंग पुढें घसरतें व सारा भार हातांवर येतो.

आतां हँडलकडे वळूं. पूर्वींच्या काळ्या सायकलीचें हँडल उंच व चालविणाऱ्याकडे वळलेलें असे. तिच्यावर वडील मंडळी ताठ बसत. हल्लीं मुलांना आवडणाऱ्या सायकलींचें हँडल सरळ, खालीं आणि दूर असतें. तें दिसतें ऐटबाज. पण मुलाचे हात पुरत नसले तर त्याला पाठ ताणून व मान वर करून चालवावें लागतें, आणि घरीं आल्यावर मान व खांदे भरून येतात. हात हँडलवर असतां कोपरें किंचित् वांकलेलीं असावीं, खांदे सैल असावे, आणि मनगट हाताच्या रेषेंत सरळ असावें. ज्यांची पाठ दुखते त्यांनीं हँडल निदान बैठकीइतकें उंच ठेवावें. साध्या सायकलींत हँडलच्या मधोमध जो लांब बोल्ट असतो, तो दोन-तीन फेरे सैल करून त्यावर लाकडाचा तुकडा ठेवावा व हलकेच ठोकावें. म्हणजे आंतली पकड सुटून हँडल वर घेतां येतें. करंगळी व तिच्या शेजारचें बोट बधिर होत असेल तर तळहाताच्या त्या बाजूनें जाणारी शीर दाबली जात आहे असें समजावें. अशा वेळीं भार हातांवरून कमी करावा, मुठीला मऊ आवरण घालावें, आणि वाटेंत हातांची पकड अधूनमधून बदलावी.

पायडलवर पाऊल कसें ठेवावें याकडे तर कोणी पाहतच नाहीं. कांहीं मुलें पायाचा मधला खोलगट भाग, कांहीं टाच ठेवून पायडल मारतात. पावलाचा बोटांमागील रुंद भाग आंसावर यावा. पाऊल नैसर्गिक रीतीनें जेवढें बाहेर वळतें तेवढेंच वळावें, आणि गुडघा पावलाच्या रेषेंतच खालींवर व्हावा. तो दांड्याकडे आंत किंवा बाहेर फेंकला जाऊं नये. सायकल एकदां जोरानें पडली म्हणजे पायडलचा आंस पुष्कळदां वांकतो. मग प्रत्येक फेऱ्याला घोटा एका बाजूस मुरडतो, आणि कांहीं आठवड्यांनीं गुडघ्याची आंतील किंवा बाहेरील बाजू दुखूं लागते. मुलगा म्हणतो, "मी तर पडल्याचें विसरूनही गेलों." परंतु पायडल तें विसरलेलें नसतें. असें पायडल सरळ करीत न बसतां बदलून टाकावें.

एवढें सर्व बरोबर असूनही अंग दुखत असेल तर भाराचा विचार करावा. पुस्तकांचें जड दप्तर पाठीवर असतांना पुढें वांकून सायकल चालविणें म्हणजे कमरेवर दुहेरी ओझें होय. दप्तर मागच्या कॅरिअरवर नीट बांधावें. चाकांत हवा कमी असली किंवा साखळी कोरडी असली तर प्रत्येक फेऱ्याला जोर अधिक लागतो. म्हणजे गुडघ्याची बचत हवेच्या पंपापासून व तेलाच्या थेंबापासून सुरू होते. गिअरची सायकल असेल तर चढ लागण्यापूर्वींच हलका गिअर घ्यावा. जड गिअरवर रेटून चढणें हा पराक्रम नव्हे. आणि साध्या सायकलीवर चढ जड जात असेल तर खुशाल उतरून चालत जावें. त्यांत कमीपणा कांहीं नाहीं.

बदल करण्याचीही एक शिस्त आहे. प्रथम मूळ जागेवर रंगीत दोरा किंवा चिकटपट्टी लावून खूण करावी, म्हणजे चुकल्यास परत जातां येईल. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. बैठक फार खालीं असेल तर ती एकदम वर घेऊं नये. दर तीन-चार दिवसांनीं अर्धा सेंटिमीटर वाढवावी, म्हणजे स्नायूंना नव्या लांबीची संवय होते. दांड्यावर "येथपर्यंतच बाहेर काढावा" अशी रेघ कोरलेली असते, ती कधींही बाहेर दिसूं देऊं नये. रेघ नसेल तर दांडा निदान तीन इंच नळींत राहिलाच पाहिजे, नाहींतर तो वांकून किंवा मोडून अपघात होईल. शेवटीं सर्व नट पक्के आवळले कीं नाहींत हें बैठक व हँडल पिळून पाहावें. या साऱ्यास लागतो तो एक पान्हा, एक फूटपट्टी आणि रविवारची अर्धी सकाळ.

मात्र प्रत्येक दुखणें पान्ह्यानें बरें होत नाहीं, हेंही पालकांनीं लक्षांत ठेवावें. गुडघ्यास सूज असणें, रात्रीं दुखण्यानें झोंप मोडणें, गुडघा अडकणें, मूल लंगडत चालणें, किंवा वाटीखालीं हाडाचा उंचवटा येऊन तो दाबल्यास दुखणें, यांपैकीं कांहीं दिसलें तर डॉक्टरांकडे जाण्यास विलंब लावूं नये. वाढत्या मुलांत खुब्याचें दुखणेंही कधीं कधीं गुडघ्यांत जाणवतें. पाठीच्या दुखण्याबरोबर पायास मुंग्या येत असतील किंवा बळ कमी वाटत असेल, तरीही तपासणी अवश्य करावी. माप नीट करूनही तीन-चार आठवड्यांत उतार पडला नाहीं तर तीच गोष्ट. आणि डॉक्टरांकडे जातांना "मूल रोज इतके किलोमीटर सायकल चालवितें" हें सांगण्यास विसरूं नये.

आई-वडिलांस आणखी दोन शब्द सांगावयाचे आहेत. मागील पिढींतील पुष्कळांनीं वडिलांच्या मोठ्या सायकलीच्या दांड्याखालून पाय घालून सायकल शिकली आहे, आणि ती आठवण सांगतांना त्यांचा चेहरा खुलतो. तो आनंद खरा. परंतु रोज सहा किलोमीटर जाण्याची ती रीत नव्हे. सायकल घेतांना मुलाला बरोबर न्यावें. दांड्यावर दोन्ही पाय टाकून जमिनीवर उभें राहिलें असतां दांडा व अंग यांमध्यें निदान दोन बोटें जागा राहिली पाहिजे. वाढत्या अंगासाठीं सोय ठेवावयाची ती सांगाड्याच्या आकारांत नव्हे, तर बैठकीच्या दांड्याच्या लांबीत. आणि वर्षांतून दोनदां, जूनमध्यें व दिवाळीनंतर, मुलाची उंची भिंतीवर खुणेनें मोजतां तेव्हांच बैठकीचीही उंची पाहावी. सायकलीनें गुडघे झिजतात ही भीतिही मनांतून काढून टाकावी. अमेरिकेंत २०२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणींत, आयुष्यांत सायकल चालविलेल्या लोकांमध्यें गुडघेदुखी इतरांहून कमी आढळली. केवळ तेवढ्यावरून सायकल हें गुडघ्याचें औषध ठरत नाहीं. पण ती गुडघ्याची वैरीण आहे, असें मात्र कोणी म्हणूं नये.

आतां त्या मुलीची हकीकत पुरी करतों. तिच्या वडिलांना मीं सायकलीजवळ नेलें, मुलीला बसविलें, आणि गुडघा कोठवर येतो तें दाखविलें. ते बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, "बैलाचें जूं खांद्याला काचलें तर आम्ही त्याच दिवशीं पाहतों. हें कसें दिसलें नाहीं मला?" बैठकीचा बोल्ट इतका गंजला होता कीं, तेल सोडून रात्रभर ठेवावा लागला. दुसऱ्या दिवशीं तो सुटला. महिनाभरांत बैठक हळूहळू चार बोटें वर गेली. पहिल्या आठवड्यांत थांबतांना तिची तारांबळ उडे. तिसऱ्या आठवड्यांत ती जिना कठडा न धरतां चढूं लागली. मार्चमधील परीक्षेस ती त्याच सायकलीवरून गेली. तिच्या वडिलांनीं पुढें आपल्याही जुन्या सायकलीचें हँडल तीन बोटें वर घेतलें. त्यांची कंबर आतां बरी आहे, असें ते सांगतात.

विद्यार्थिमित्रांनो, हा अंक हातीं पडेल त्या दिवशीं घरीं जाण्यापूर्वीं एवढें करा. मित्राला हँडल धरावयास सांगा, बैठकीवर बसा, टाच पायडलवर ठेवा आणि पाय सरळ होतो कीं नाहीं तें पाहा. मग त्याचें हँडल तुम्ही धरा.